जाळीवरचं मीठ

"समोरून पाणी कोण मारते हो मॅडम?" गाडीच्या तोंडाशी उकिडव्या बसलेल्या मेकॅनिक करिष्मानं मान न वळवता विचारलं, आणि अनुपमा म्हणाली, "पाऊस." मे महिना होता. खामगावच्या त्या वर्कशॉपच्या पत्र्याखाली उभं राहिलं तरी डोक्यावर कोणी तापला तवा धरल्यासारखं वाटत होतं, आणि जिल्ह्यात शेवटचा पाऊस केव्हा पडला हे तिला पटकन सांगताही आलं नसतं. करिष्मानं आता मान वळवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाली आणि टॉर्च पुन्हा जाळीत धरला. एवढंच झालं. पण तो शब्द अनुपमाच्या अंगाला चिकटून राहिला. विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या पाहणं हे तिचं काम. धाडच्या बाजारात बैलाला चुकवताना खांबावर गेलेली जीप, पिंपळगाव राजाच्या शिवारात बांधावरून कलंडलेला ट्रॅक्टर, मलकापुरात हायवेवर मागून ठोकलेली कार. अशा गाड्यांभोवती ती फिरते, फोटो काढते आणि मालकाला विचारते की हे कसं झालं. पहिलं उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. झटकन आलेलं, एका शब्दाचं उत्तर ऐकलं की ती मनातल्या मनात त्याच्याखाली रेघ ओढते. आज ती रेघ तिनं स्वतःच्याच शब्दाखाली ओढली, आणि तिला किंचित हसूही आलं. इतकं वाईट खोटं तिच्यासमोर फार कमी लोक बोलले होते.

पाणी मारत होते ते तिचे वडील. भगवंतराव काचेपलीकडच्या खोलीत, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, दुपट्टा गुडघ्यांवर पसरून. त्यांच्या डोक्यावर एसी चालू होता आणि त्याच्याकडे ते अधूनमधून असे पाहत होते, जसा एखादा माणूस लग्नात भेटलेल्या जुन्या भाऊबंदाकडे पाहतो. मलकापूरच्या स्टेशन रोडवर त्यांचं कूलरचं दुकान होतं. पत्रा कापून, वाकवून, रिबिटा मारून ते कूलर बनवत. मोटर मुंबईची, पंप इंदूरचा, बाकी सगळं हातचं. प्लास्टिकचे कूलर आले, मग हप्त्यावर एसी आले, आणि त्यांच्या गुडघ्यांनीही साथ सोडली, तेव्हा त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी आई, अन्नपूर्णाबाई, गेल्या होत्या. दुकान दिल्यावर भगवंतराव ओसरीतल्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. डोळे मिटलेले, पण झोप नाही. झोपलात का विचारलं तर नाही म्हणायचे. जेवण अर्धं ताटात. अनुपमा संध्याकाळी घरी येई तेव्हा फाटकाची कडी काढण्याआधी ती खुर्चीकडे बघे, आणि त्यांची छाती हलताना दिसली की मगच कडी काढी. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं घरात दुसरं कोणी नव्हतंही. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याचा विषय निघणंही केव्हाच थांबलं होतं.

मग ही विजेवरची गाडी आली. घराच्या छतावर सोलरची पॅनेलं होतीच, म्हणून सुटीच्या दिवशी आणि काम लवकर आटोपलं तर ती भर दुपारीच दारात चार्जिंगला लावायची. गाडी उभी असे, आत कोणी नसे, आणि मधेच तिच्या पुढच्या भागातून पंख्याचा आवाज सुरू व्हायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकून भगवंतरावांनी डोळे उघडले होते. गाडी एकटीच धापा टाकून राह्यली, म्हणाले. ती म्हणाली, बॅटरी तापू नये म्हणून ती स्वतःला थंड करते. दुसऱ्या दिवशी पंखा सुरू झाल्यावर उठले, बागेचा पाइप ओढत आणला, अंगठ्यानं तोंड दाबून पाण्याची बारीक फवार केली आणि गाडीच्या समोरच्या जाळीवर धरली. अनुपमा खिडकीत होती. तापलेल्या फरशीवर पाणी पडल्याचा वास वर आला आणि तिला एकदम दुकानाची मागची बाजू आठवली. नव्या कूलरची चाचणी घेताना ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गार, थोडा मातकट वारा, आणि त्याच्यासमोर फ्रॉक फुगवून उभी असलेली ती. वडील पाठमोरे होते. पाठ ताठ होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं ती पाठ ताठ पाहिली नव्हती. ती खिडकीत उभी राहिली आणि तिला इतकं बरं वाटलं की जेवायचं ताट वाढून ठेवलंय हेही ती विसरली. त्यानंतर ते चालूच राहिलं, तो उन्हाळा आणि हाही. दुपारी पंखा लागला की पाइप. जेवण पुन्हा पूर्ण होऊ लागलं. गाडीशी ते बोलतातसुद्धा असं समोरच्या तानाबाईंनी तिला एकदा हसत सांगितलं होतं.

पाणी बोअरचं होतं. नळाला पाणी येतं ते पिण्यापुरतं. अंगण, झाडं, धुणीभांडी, सगळं बोअरवर. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी कसं असतं हे मलकापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. बादली वाळली की तळाशी पांढरं राहतं, साबण फेसाळत नाही, तुळस जगत नाही. आणि तरीही दोन उन्हाळे तिनं ते पाणी गाडीच्या तोंडात जाताना पाहिलं होतं आणि तिला फक्त एक ताठ पाठ दिसली होती. करिष्मानं आता बंपर पूर्ण उतरवला होता. आतली जाळी, म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची पातळ पाती, खालच्या अर्ध्या भागात पांढरी फटक पडली होती. पाती फुगून पापुद्रे सुटले होते. करिष्मानं बोट लावलं तर पिठासारखा भुगा पडला. एक नळी झिरपली होती. तिथून गॅस गेला, गॅसबरोबर तेल गेलं, आणि कोरडा पडलेला हीट पंप, म्हणजे गाडी गार ठेवणारं यंत्र, काही दिवस ओरडत फिरला आणि अडकला. ते ओरडणं अनुपमानं ऐकलं होतं, बुलढाण्याहून परतताना राजूर घाटात. तिला वाटलं होतं खिडकीचं रबर वाजतंय. मग घाट संपता संपता समोरच्या झडपांतून आलेली हवा ओठांना लागली ती गरम होती. आज पहाटे काचा खाली करून, गाडी रमतगमत चालवत ती इथवर आली होती, आणि वडील तिच्याशेजारी बसून सगळ्या रस्त्याभर गाडीच्या तब्येतीची काळजी करत होते.

करिष्मा पिंपळगाव राजाची. हातांत तिनं कोपरापर्यंतचे रबरी मोजे चढवले, मोठ्या दाबाच्या विजेचा खटका ओढून काढला आणि स्वस्थ बसली. आता थोडा वेळ कोणी हात लावायचा नाही, आत वीज शिल्लक असते, म्हणाली. त्या थांबलेल्या वेळात अनुपमानं तिला खरं काय ते सांगितलं. हळू आवाजात, काचेकडे पाठ करून. दुकानाचं, खुर्चीचं, पाइपचं. सांगताना तिला जाणवलं की आपण कारण सांगत नाही, बाजू मांडतोय. आणि शेवटी म्हणाली की त्यांच्यासमोर पाण्याचं नाव नको. उंदरांनी काहीतरी कुरतडलं म्हण. उंदरांवर कोणी शंका घेत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या गाड्यांच्या वायरी उंदीरच खातात.

"म्हणतो ना, उंदरावर ढकलाले माह्यं काय जाते," करिष्मा म्हणाली. "पण मॅडम, नवा पंप बसवून राह्यलो आपण. नवी जाळी. उद्या दुपारी आबाजी पाइप घेऊन हजर. तवा कोणता उंदीर आणू?"

एक उत्तर होतं, गाडीच्या कंपनीनं नियम काढलाय की समोरून पाणी मारायचं नाही असं सांगायचं. पण मग कारण विचारतील, आणि ज्या माणसानं सगळं आयुष्य पंखा, पाणी आणि पत्रा यांतच काढलं त्यानं कारण विचारल्यावर काय सांगणार. अनुपमा वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, डांबर पाण्यासारखं चमकत होतं. तिला स्वच्छ दिसत होतं की प्रश्न पंपाचा नाही. पंप खोक्यात होता, नवा, तेलाचा वास येणारा, आणि आज बसणार होता. प्रश्न असा होता की खरं सांगितलं तर वडील पाइप ठेवतील, आणि पाइप ठेवला की खुर्चीत जातील. आणि नाही सांगितलं तर हा पंपही मरेल. एका बाजूला यंत्र, एका बाजूला माणूस, असं ते सरळ असतं तर तिनं पंप मरू दिला असता, दर दोन उन्हाळ्यांनी नवा बसवला असता. तिनं खरंच तसा विचार केला, थोडा वेळ, आणि त्यात तिला काही वेडेपणा वाटला नाही. मग वाटला. मग तिला वाटलं की आपण त्यांच्या ताठ पाठीला फार जपतोय, भाड्याच्या भांड्यांसारखं, आणि हा विचार तिला आवडला नाही म्हणून तिनं तो सोडून दिला.

मागून आवाज आला तेव्हा तिला कळलं की उशीर झाला आहे. भगवंतराव सोफ्यावरून उठून आत आले होते. गाडीचं तोंड उघडं होतं, काढलेला जुना पंप फडक्यावर ठेवला होता, आणि जाळी भिंतीला टेकवलेली होती. ते जाळीसमोर उभे होते. मग एका हातानं भिंत धरून, गुडघा सांभाळत, ते वाकले, पांढऱ्या पडलेल्या पात्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. ती ओरडली नाही, पण तिचा हात आपोआप पुढे झाला. हे त्यांचं जुनं होतं. दुरुस्तीला आलेल्या कूलरची टाकी ते असंच बोटानं चाखत आणि गिऱ्हाइकाला सांगत, तुमच्याकडे बोअर हाये, नळाचं टाका नाहीतर पत्रा राहत नाही. गिऱ्हाईक हसे, कारण नळाला पाणी असतं तर त्यानं बोअरचं टाकलंच असतं कशाला. भगवंतरावांनी दुपट्ट्याला बोट पुसलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. कशानं झालं म्हणे हे, असं त्यांनी विचारलं, आणि करिष्मानं अनुपमाकडे न बघता, थोडं जास्तच मोठ्यानं सांगितलं की उंदीर, आबाजी, उंदरानं नळी कुरतडली. त्यांनी मान हलवली. मग नव्या पंपाकडे वळून, हा करते काय नेमकं, असं विचारू लागले. करिष्माच्या जीवात जीव आला. काम करता करता ती सांगत गेली. हा थंडी बनवत नाही, हा उष्णता उचलतो. उन्हाळ्यात गाडीतली उचलून बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची उचलून आत आणतो. हिवाळ्यात बाहेर कुठली उष्णता, ते म्हणाले. असते थोडी, ती म्हणाली, बुलढाण्याच्या सकाळीसुद्धा असते, हा शोधून आणतो. त्यावर भगवंतरावांनी जरा विचार केला.

"म्हणजे हमाल हाये हा."

"हमालच, आबाजी. आन माल खाली ठेवाची जागा म्हणजे ही जाळी."

ते पुन्हा जाळीकडे पाहत राहिले. नळ्या जुळवल्या गेल्या, आतली हवा ओढून काढायचं यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं, मग मोजून गॅस भरला, आणि करिष्मानं गाडी सुरू करून अनुपमाला आत बसायला सांगितलं. गार हवा आली. आधी झडपांत, मग मनगटांवर, मग मानेच्या मागं. पंपाचा आवाज जवळजवळ नव्हताच. नीट कान दिला तर एक सपाट, समाधानी गुणगुण. अनुपमाला त्या क्षणी बाकी सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटलं. शरीराला बरं वाटलं की मन किती पटकन लाच खातं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ती लाच घेतली.

नांदुरा मागं पडला. शेतं नांगरून उघडी पडली होती, काळी ढेकळं, मधेच एखादं निंबाचं झाड आणि त्याच्याखाली गोळा झालेल्या शेळ्या. भगवंतराव समोर पाहत होते. अनुपमा त्यांचे हात पाहत होती, जमेल तेव्हा, रस्ता सोडून. हात मांडीवर उताणे पडले होते. खुर्चीत असत तसेच. ती मनात वाक्यं जुळवू लागली. संध्याकाळी गाडी पुसायचं काम, टायरमधली हवा बघायचं काम, काहीतरी काम. तेवढ्यात ते बोलले.

"त्या पोरीले खोटं बोलता येत नाही."

तिनं गाडीचा वेग जरा कमी केला.

"उंदीर म्हणे. उंदीर मीठ टाकून खाते काय?" मग थोड्या वेळानं, "गावाले सांगत आलो मी, बोअरचं पाणी पत्र्याले लावू नका. आन आपल्या दारात मीच पाइप धरला. ताटी समजलो मी त्या जाळीले. ताटी सडली तं नवी लावता येते."

"बाबा, मी सांगणारच होती."

"नाही सांगत होती तू."

हे खरं होतं. मागून एक ट्रक हॉर्न देत पुढे गेला. मग तिनं जे म्हणायचं नव्हतं तेच म्हटलं. ते पाणी मारायला उठायचे ते तिला चांगलं वाटत होतं, म्हणाली. दुकान गेल्यावर ते जसे बसून राहिले होते तसं पुन्हा पाहायचं नव्हतं तिला.

"तेच म्हणतो ना मी. तुले चांगलं वाटत होतं." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मले दुपारी झोप येते अनुपमा. पंखा लागला का तू खिडकीत येये. मी पाइप हाती घेतला का तुह्या तोंडावर उजेड पडे. मंग काय करता, उठो."

"रोज?"

"रोज नाही. कवा कवा मलेबी मजा येये."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि रस्ता सरळ होता हे बरं झालं. आणि ती खुर्ची, तिनं विचारलं. दुकान दिल्यावर. मी फाटकातून बघत होते तुमचा श्वास चालतो की नाही.

"दमलो होतो," भगवंतराव म्हणाले, जणू कोणी हा प्रश्न याआधीच विचारायला हवा होता. "जनमभर पत्रा ठोकला. कानात आवाज बसला होता, तो जाऊ देत होतो. तुह्या आईची याद येये. बसू नये काय माणसानं?"

बसावं, ती म्हणाली. पण ते तिनं खूप उशिरा म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी हात पुढे करून झडप स्वतःच्या तोंडावरून बाजूला वळवली, मागं रेलले आणि डोळे मिटले. अनुपमानं सवयीनं छातीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मनात ती मागचे ते महिने पुन्हा उलगडून बघत होती, जसे ती दुसऱ्यांदा पाहणीला गेल्यावर एखाद्या गाडीचे पोचे बघते, आणि आधी आघात वाटलेली खूण नुसती घासलेली निघते. अर्ध्या ताटाचं काय, तर उन्हाळा होता. डोळे मिटून जागं राहण्याचं काय, तर आवाज जाऊ द्यायचा होता. सगळंच तसं नसेल. काही दुःख असेलच, ते म्हणालेही. पण ते त्यांचं होतं आणि त्यांनी ते खुर्चीत बसून, आपल्या पद्धतीनं, आपल्या वेळात पुरं केलं होतं. मधे तिनं त्यांना पाइप धरायला लावला होता, एवढंच. तिला अपराधी वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, पण हलकं, गार हवेत टिकणार नाही इतकं. त्याच्या मागून जे आलं ते सरळ सुख होतं. आपल्याला कोणाचा श्वास मोजायचा नाही, हे सुख.

मलकापुरात शिरताना रस्ते रिकामे होते, दुकानांवर पडदे ओढलेले. ती गल्लीत वळली आणि दारासमोर गाडी उभी केली. भगवंतराव झोपले होते. खरंच, तोंड किंचित उघडं, घशात बारीक घुर्र. तिनं त्यांना उठवलं नाही. पेट्रोलची गाडी असती तर इंजिन चालू ठेवून धूर सोडत बसावं लागलं असतं. ही गाडी तशीच उभी होती, आणि आतला नवा हमाल बिनबोभाट उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकत होता. काचेबाहेर ऊन पांढरं पडलं होतं. ती सीट थोडी मागं करून बसली. ओसरीवरची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्याकडे पाहताना तिला काही झालं नाही.

समोरच्या घरातून तानाबाई बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेत, अनवाणी, चटके चुकवत. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं, आत वाकून पाहिलं. अनुपमानं काच दोन बोटं खाली केली. गरम हवेची एक पट्टी आत आली.

"चावी हरपली काय वो घराची? अशा उन्हात गाडीतच बसल्या बापलेक?"

"नाही काकू," अनुपमा हळूच म्हणाली. "बाबा झोपले हायत."

"मंग उठव ना."

"काऊन उठवू?" ती म्हणाली, आणि काच वर केली.